आवक रिकामी

मला राग जल्दी येतो. हे आधीच सांगून ठेवते, म्हंजे नंदाबाई तोंडाळ हाय असं मागून कुणी म्हणायला नको. हाय मी तोंडाळ. शहागडला आमचं केंद्र हाय, नवऱ्यानं मारलेल्या बाया तिथं येतात. त्यांच्यासंगं चौकीत, दवाखान्यात, सासरी मीच जाते. गोड बोलून तिथं काही होत न्हाई.

सोनूबाई आमच्याकडं पहिल्यांदा आली ती दसऱ्याच्या आधी. दोन हजार आठ साल. तिच्या नवऱ्याचं, भुजंगचं, हायवेला पंक्चरचं दुकान. ट्रकचं टायर रिमातून उचकटायला लोखंडी टामी असते, हातभर लांब. त्या टामीनं मारायचा तिला. त्या वक्ताला पाठीवर मारलं होतं, पोलकं पाठीला चिकटून बसलं होतं. आम्ही त्याला बोलावला, तर पाया काय पडला, रडला काय, पुन्हा हात लावणार न्हाई म्हणून लिहून दिलं. केंद्राचा नियमच तसा. पहिल्या तक्रारीला समजूत, लेखी हमी, आणि बाई घरी. हमी दिल्यावर पुन्हा हात उचलला, तर मंग समेट बिलकुल न्हाई. बाई माघारी जायची न्हाई आणि प्रकरण सरळ पोलिसात.

त्यानं पुन्हा हात उचलला. दिवाळी झाली आणि तिचं मनगट मोडलं. मंग एकदा, ट्यूबचं पंक्चर हुडकायची पाण्याची टाकी असती ना दुकानात, तिच्यात तिचं डोकं दाबून धरलं. ती मला म्हणली, अक्का, मी आत गुदमरून राह्यले आणि हा वरून बुडबुडे मोजून राह्यलाय. दर वक्ताला ती बाजाराच्या नावानं निघायची, चोरून केंद्रात यायची आणि जबाब देऊन घरी जायची. त्याला आत्ता बोलवू नका म्हणायची. माझा भाऊ मच्छिंद्र ऊसतोडीला गेलाय, तो माहेरी हसनाबादला परत आला की मला न्यायला येईल, तवर नुसतं लिहून ठेवा. आम्ही लिहून ठेवलं. संक्रांतीनंतर त्यानं जबड्यावर टामी घातली, तवा मात्र मी तिला माघारी जाऊ दिलं न्हाई. तिसरा जबाब टंकून घेतला आणि माझ्याच घरी ठेवली. तिसऱ्या दिवशी भुजंग चुलत्याला घेऊन केंद्रात हजर. बायको न्यायला आलो म्हणे.

आता केंद्रातली मंडळी सांगते. मुख्य म्हंजे सरोजिनीताई. जालन्याच्या, शिकलेल्या, घरचं चांगलं. आठवड्यातून दोन रोज शहागडला यायच्या आणि काय निकाल द्यायचा तो त्याच द्यायच्या. बाई वाईट न्हाई हो, उगं काय खोटं बोलू. पण मागल्या साली आम्ही एकाला नुसत्या तोंडी बोलण्यावर चौकीत नेलं आणि त्यानं वर अर्ज केला. वरून ताईंना असं झाडलं की तेव्हापासून त्या नोंदीशिवाय बोलायला भ्यायच्या. दुसरे जगन्नाथकाका, निवृत्त कारकून. बाया सांगायच्या आणि काका जबाब थेट कॉम्प्युटरवर टंकायचे. काका जुन्या वळणाचे. कागद असो का पडदा, वर मधोमध ॥ श्री ॥ घातल्याशिवाय त्यांची बोटं पुढं सरकायची न्हाईत. समोर बाईच्या नाकातून रक्त गळत असलं तरी आधी श्री, मंग जबाब.

टंकून झालं की काका त्या फाइलीला बाईचं नाव द्यायचे आणि 'आवक' नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचे. त्यापुढं हात लावायचं काम न्हाई. टिपणं ठेवायचं सॉफ्टवेअर होतं, ते आवकमधली फाइल आपल्या आपण उचलायचं आणि बाईच्या नावानं यादीत लावायचं. आवक रिकामी झाली म्हंजे काम झालं. दिवाळीत ताईंचा पुण्याचा भाचा आल्ता, त्यानं ते सॉफ्टवेअर काढून नवं व्हर्जन घातलं. लई जल्दी चालतं म्हणाला. चाललं. आवक तर डोळ्याचं पातं लवायच्या आत रिकामी व्हायला लागली.

तर त्या दिवशी सकाळी आम्ही सगळे केंद्राच्या गाळ्यात बसलो. भिंतीला ताईंचं टेबल, टेबलावर कॉम्प्युटर. पलीकडं भुजंग आणि त्याचा चुलता धर्मराज, त्यांच्यासमोर सोनूबाई. तोंडावर पदर ओढलेला, जबडा सुजून एका बाजूला गेलेला. घोटभर चहा पाजायला मला अर्धा घंटा लागला होता तिला. केंद्रात येताना रस्त्यात ती माझा हात धरून कसंबसं म्हणली, अक्का, मला त्याच्यासंगं धाडू नका, या वक्ताला तो मला जित्ती ठेवत न्हाई. मी म्हणले, तुझं सगळं लिहून ठेवलंय, तुला कोण धाडतंय बघते मी.

धर्मराज बोलायला लागला. मोठा गोड माणूस, पंचायतीत बसून बसून तयार झालेला. नवराबायकोत भांड्याला भांडं लागतंच, पोरगं तापट हाय पण मनानं साफ हाय, सून जॅकवरून पाय घसरून पडली, तोंडाला लागलं. भुजंग खाली मान घालून बसला होता. पांढरा शर्ट, केसाला तेल. हातावर मात्र ग्रीसचे डाग होते, ते काय जाईनात.

मी म्हणले, जॅकवरून पडल्यावर मनगटबी मोडतं का? आणि टाकीत डोकं कुणी बुडवलं, जॅकनं?

भुजंगनं मान वर केली. उठला, आणि माझ्या गळ्यापाशी हात आला त्याचा. पोचला न्हाई, धर्मराजनं मनगट धरलं. "बस खाली," चुलता म्हणला, आणि तो बसला. चुकलं म्हणला. सोनूबाई खुर्चीत एवढीशी झाली होती. मी ताईंना म्हणले, बघितलं का? ताईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्या म्हणल्या, नंदाबाई, तुम्ही त्यांना चिडवू नका. आधी नोंद बघू. हमीनंतरचा एक जरी जबाब असेल, तर मी आत्ताच्या आत्ता चौकीत फोन करते.

एक न्हाई, तीन हायत, मी म्हणले. उघडा.

ताईंनी यादी उघडली. सोनूबाईचं नाव एकदाच. त्यावर टिचकी मारली, तर दसऱ्याआधीचा जबाब आणि भुजंगची हमी. त्यापुढं काही न्हाई. ताईंनी पुन्हा शोधलं. न्हाई. मनगट न्हाई, टाकी न्हाई, जबडा न्हाई.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काकांकडं बघितलं. काका, तुम्हीच टंकलं न्हाई का? माझ्यासमोर? काकांनी एकवार भुजंगकडं बघितलं, त्याच्या हाताकडं बघितलं, आणि म्हणले, टंकल्याचं स्मरतं खरं, पण माणसाच्या लक्षात काय काय राहणार, नोंदीत असेल तेच खरं. असा राग आला मला त्या म्हाताऱ्याचा. आणि धर्मराज हसून म्हणला, मशीनला काय, ना माहेर ना सासर. त्यात जे न्हाई ते न्हाई.

ताईंनी सोनूबाईला विचारलं, तुझं काय म्हणणं आहे? आता भुजंग दोन हात अंतरावर बसलेला, जबडा हलत न्हाई, आणि कॉम्प्युटर सांगतो की तुला काही झालंच न्हाई. काय बोलणार ती? तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं. ताई म्हणल्या, तिनं स्वतः सांगितलं नाही, नोंदही नाही, मग नियमाने मला तिला नवऱ्याबरोबर पाठवावं लागेल, नंदाबाई.

मी टेबलावर हात आपटला. म्हणले, त्या डब्यात काहीतरी बिघाड हाय. तो काढा आधी. तो निघाला न्हाई तर हिला न्यायला माझ्या मढ्यावरून जावं लागेल. ताईंनाबी शंका आल्ती, असं मला वाटतं, कारण त्या घड्याळाकडं न बघता खुर्ची ओढून बसल्या आणि भाच्याला फोन लावला. फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला. काका त्यांच्या उजव्या हाताला उभे राह्यले, मी डाव्या. पाहुण्यांकडं आमच्या पाठी झाल्या.

भाच्यानं एकेक विचारलं. आपोआप उचलायची खूण चालू आहे का? आहे. आवकचा पत्ता बरोबर आहे का? बराबर आहे. आत काही अडकलंय का? न्हाई, आवक रिकामी. मग तो म्हणला, एक खोटी फाइल टाकून बघा. काकांनी नवी फाइल काढली, वर ॥ श्री ॥ टंकलं, खाली 'चाचणी' टंकलं, आवकमध्ये टाकली. फाइल गेली. यादीत आली न्हाई. पुन्हा टाकली. पुन्हा गेली, पुन्हा आली न्हाई. विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये, तसं. भाचा म्हणला कॉम्प्युटर बंद करून चालू करा. केलं. तो चालू व्हायला इतका वेळ लागला की मागं धर्मराजनं दोनदा जांभई दिलेली मी ऐकली.

मंग ताईंनी वैतागून काकांना बाजूला केलं आणि स्वतः टंकलं. घाईत नुसतं 'सरोजिनी' एवढंच. आवकमध्ये टाकलं आणि दुसऱ्या क्षणाला यादीत 'सरोजिनी' हजर.

आम्ही तिघंबी पडद्यावर वाकलो. काका म्हणले, तुमची घेतो, माझी घेत नाही, असं कसं? ताईंनी भाच्याला सांगितलं. त्यानं विचारलं, काकांच्या फाइलीत पहिली ओळ काय असते? ताई म्हणल्या, श्री. सगळ्या फाइलीत? सगळ्या.

फोनमध्ये तो पोरगा हसला. म्हणला, मावशी, जुनं व्हर्जन फाइलीचं नाव घ्यायचं, नवं पहिली ओळ घेतं. दिवाळीनंतरची पहिली फाइल 'श्री' नावानं आत गेली. त्यानंतरची प्रत्येक फाइल बघून त्याला वाटलं, श्री तर आपल्याकडं आहे, ही त्याचीच नक्कल. म्हणून त्यानं ती उचलून 'दुबार' नावाच्या फोल्डरमध्ये टाकली. यादीत सगळ्यात वर श्री दिसत नाही का तुम्हाला?

दिसत होतं की. दिवाळीपासून रोज दिसत होतं. यादीच्या डोक्यावर ॥ श्री ॥, आणि आम्हा सगळ्यांना वाटलं, बरं झालं, नव्या व्हर्जनमध्ये देवाचं नाव आधी येतंय. काका तर रोज सकाळी त्याला नमस्कार करायचे. ते टिपण हाय, त्यावर टिचकी मारली तर आत एका बाईचं दुखणं निघेल, हे कुणाच्या डोक्यात येणार? श्रीवर टिचकी मारून बघायचं आमच्यात कुणालाच सुचलं न्हाई, आणि आवक रिकामी दिसली की खालची नावं वाढतात का हेबी कुणी बघितलं न्हाई.

ताईंनी 'दुबार' उघडलं. हिवाळाभराच्या फाइली तिथं ओळीनं पडलेल्या. कितीतरी बायांची नावं. त्यात सोनूबाई, सोनूबाई, सोनूबाई. मी म्हणले, उघडा एक, वाचा, फोन करा चौकीत. पण ताईंच्या तोंडावर असं हसू आलं होतं, परीक्षेत पास झालेल्या पोरीसारखं. म्हणल्या, थांबा हो, यादीत आले की नीट नोंद होईल, मग कुणाला बोलायला जागा नाही. भाच्यानं सांगितलं तशी पहिल्या ओळीची खूण त्यांनी काढली, फाइलीच्या नावाची घातली, सगळ्या फाइली धरून आवकमध्ये टाकल्या. आणि नावं पडायला लागली यादीत. एकामागं एक, भराभर. काकांनी टाळी वाजवली. मीबी हसले असेन. ताईंनी सोनूबाईचा जबाब उघडला आणि मोठ्यानं वाचायला लागल्या: "माझ्या नवऱ्याने माझे डोके पाण्याच्या टाकीत धरले..."

वाचता वाचता त्यांनी मान वळवली, भुजंगला चांगलं सुनवायला. आणि थांबल्या.

सोनूबाईची खुर्ची रिकामी होती. भुजंगचीबी. धर्मराज एकटा बसला होता, पायावर पाय टाकून.

मी विचारलं, कुठं गेले?

"नवऱ्यासंगं गेली," तो म्हणला. "त्यानं डोळ्यानं खूण केली, ती उठली. आपल्या पायानं गेली. कुणी ओढून नेलं न्हाई."

मला कळलं ना ती का उठली. नोंद न्हाई, म्हंजे तिला धाडणारच, हे ताईंच्या तोंडून तिनं ऐकलं होतं. दुबारचं तिला काय कळणार, फोन करा मी म्हणले आणि ताई थांबा म्हणल्या, तेवढंच कळलं असेल. जायचंच असेल तर त्याला आणखी का चिडवा, मुकाट गेलं तर चार कमी बसतील. मार खाणारी बाई असाच हिशेब करती. आणि तो का घाईत निघाला तेबी कळलं. दुबारमध्ये काय सापडलं ते त्यानं ऐकलं होतं.

मी पळाले. चपला तिथंच राह्यल्या. हायवेवर ट्रक हॉर्न मारून राह्यले होते, मी मधून घुसले. ताई मागून नंदाबाई, नंदाबाई ओरडत होत्या. पल्याडच भुजंगचं दुकान, शटर अर्धं खाली ओढलेलं. आतून आवाज येत होता. टायर आपटल्यासारखा, एका लयीत. शेजारी ढाब्यावर बाजेवर माणसं जेवत बसली होती. त्यांना वाटलं असेल, काम चालू हाय.

मी शटरखालून वाकून आत गेले. सोनूबाई टाकीला पाठ लावून पडली होती आणि तो तिच्यावर उभा. टामी वर जायची, खाली यायची. तो शिव्या देत नव्हता. काहीच बोलत नव्हता. नुसतं मारत होता, रोजचं काम असावं तसं. टाकीतलं पाणी लाल झालं होतं.

मी जॅकचा दांडा उचलला आणि त्याच्या कानावर घातला. सगळ्या जोरानं घातला, लाज न्हाई वाटत सांगायला. तो गुडघ्यावर आला. दुसरा पाठीवर घातला. तिसरा उचलला तोवर तो फिरला आणि टामी माझ्या खांद्यावर आली. हाड मोडलेलं मला कानानं ऐकू आलं. हात खाली लोंबला. मी दुसऱ्या हातानं त्याचे केस धरले आणि मनगटाला दात लावले, रक्ताची चव आली तरी सोडलं न्हाई. तो माझं डोकं शटरवर आपटत होता. त्या आवाजानं ढाब्यावरचे ड्रायव्हर आले. मंग त्यांनी त्याला बाहेर ओढला आणि असा तुडवला, असा तुडवला, की चौकीतल्या शिपायाला त्यालाच आधी सोडवावं लागलं.

सोनूबाई जित्ती होती. डोक्याची एक बाजू मऊ झाली होती, तिथं मी बघितलं न्हाई. ड्रायव्हरांनी तिला एका जीपमध्ये घातलं. मागच्या सीटवर मी, तिचं डोकं माझ्या मांडीवर, माझा एक हात गळ्यात बांधलेला. पुढं ताई. काका केंद्रातच राह्यले. जीप अंबडच्या रस्त्यानं जालन्याकडं निघाली. खड्डा आला की तिच्या तोंडातून बारीक आवाज यायचा.

ताई मागं वळून रडत होत्या. तिचा पाय धरून म्हणत होत्या, सापडलं गं सोनूबाई, तुझं सगळं सापडलं, तिन्ही जबाब सापडले, आता तुला कुठ्ठं जायला लागणार नाही.

सोनूबाईनं एक डोळा उघडला. ओठ हलवायला लई वेळ लागला तिला. मी कान खाली नेला, पण ती बोलली ते ताईंनाबी ऐकू गेलं.

"मी तुमच्या मागंच बसले होते की, बाई."

मी सोनूबाईच्या तोंडावरचे केस बाजूला करत राह्यले. गप पड, बोलू नको, म्हणत राह्यले. अंबडच्या अलीकडं तिचं अंग एकदा ताठ झालं आणि मंग सैल पडलं. ड्रायव्हरला मी काही सांगितलं न्हाई. तो तसाच दामटत होता.

थोड्या वेळानं ताई बोलायला लागल्या. पुढं बघून, स्वतःशीच. म्हणत होत्या, एकच खूण होती, नंदाबाई. पहिली ओळ का फाइलीचं नाव, एवढीच. ती दिवाळीतच काढली असती तर. एकच खूण काढायची होती. पुन्हा पुन्हा तेच, कुठं टिचकी मारायची, कुठली यादी उघडायची, सगळं बारीकसारीक.

मी म्हणले, "ताई, ती गेली. गप बसा आता."